पाण्यात उतरणारं भिंग

“काच गेली.”

“काच गेलेली नाही, सर. क्षार बसलाय.”

“मला डोळे आहेत, उझ्मा. बुबुळावर फूल पडावं तसा पांढरा डाग आहे हा.”

“वरवरचा आहे. निघेल.”

“आणि नाही निघाला तर?”

“निघेल, सर.”

“अगं, पण बुडवलंसच कशाला? भिंगाला ओला हात लावला म्हणून मी पोरांना वर्गाबाहेर काढलंय. आणि तू सरळ पाण्यात घालतेस? गोदावरीत म्हैस उतरवावी तशी?”

“ते पाण्यात बुडवायचंच भिंग आहे.”

“असेल! पण बोअरच्या पाण्यात?”

उझ्मानं भिंग उलटं करून पुन्हा डागाकडे बघितलं. तेवढं मात्र तिचं खरंच चुकलं होतं.

वाद चालला होता तालुक्याच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. ओरडत होते ते विभागप्रमुख हनुमंत थेटे. येत्या मे महिन्यात निवृत्त होणारे, इस्त्रीची घडी न मोडणारे, मनानं वाईट नसलेले गृहस्थ. आणि समोर भिंग हातात धरून उभी होती ती आमच्या पुणतांब्याची उझ्मा बागवान. ती इथं तासांवर शिकवते. जेवढे तास मिळतील तेवढंच काम, आणि पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही ते दरवर्षी नव्यानं ठरणार. बीएस्सीला ती थेटे सरांचीच विद्यार्थिनी होती, त्यामुळे इतर तासवाल्या शिक्षिकांना ‘मॅडम’ म्हणणारे सर हिला अजून ‘तू’ म्हणतात. रागावताना ते सोयीचं पडतं.

“किल्ली इकडे दे. कपाटात जाईल ते आता.”

“शनिवारी रंभाजीकाका येणार आहेत, सर. त्यांना मी शब्द दिलाय.”

“कोण हा रंभाजी? युनिव्हर्सिटीचा माणूस आहे का?”

“पेरूवाले आहेत. आमच्या गावचे.”

“म्हणजे पेरूवाल्यासाठी तू माझं भिंग आंधळं केलंस!”

“पूजेला काच मळली तर चालते, कामाला मळली तर चालत नाही, असं आहे का सर?”

हे तिनं बोलायला नको होतं. पण बोलली. सरांनी चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पूजेचं असं झालं होतं. सरकारी अनुदानातून काही वर्षांपूर्वी कॉलेजला एक मोठा मायक्रोस्कोप मिळाला. त्यासाठी थेटे सरांनी किती कार्यालयांत खेटे घातले ते सगळ्या विभागाला पाठ आहे. ते स्वतः शिकत होते तेव्हा वर्गाला मिळून एकच मायक्रोस्कोप होता, आणि आपली पाळी येईपर्यंत तास संपलेला असायचा. म्हणून हा आला तेव्हा त्यांनी तो लेकरासारखा जपला. इतका जपला, की त्याची सगळ्यात भारी भिंगं कपाटातून बाहेरच येईनात. ती बाहेर यायची फक्त खंडेनवमीला. तराजू, मोठा मायक्रोस्कोप, भिंगांच्या डब्या, सगळं टेबलावर मांडायचं, झेंडूची माळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, पेढे वाटायचे आणि कपाट पुन्हा बंद करायचं.

गेल्या खंडेनवमीला सरांनी करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू लावलं ते एका भिंगाच्या थेट तोंडावर.

“सर, कुंकू वरच्या बाजूला लावा. तोंडाला नको,” उझ्मा म्हणाली होती.

“अगं, देवाला कपाळावरच लावतात.”

“याचं कपाळ वर आहे सर. हे तोंड आहे, यानंच ते बघतं.”

सगळे हसले. सरही हसले. पेढा खाऊन झाल्यावर उझ्मा ते भिंग पुसायला बसली आणि पुसता पुसता थांबली. भिंगाच्या गळ्यात पांढरं कडं होतं, पाण्यात उतरणाऱ्या भिंगाची खूण. असं भिंग तिनं एकदाच पाहिलं होतं, पुण्याच्या एका संस्थेत, एमएस्सीच्या प्रकल्पाला गेली होती तेव्हा. तिथं एका मुलीनं बशीतल्या पाण्यात माशाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू ठेवलं, भिंग खाली आणलं, आणखी खाली आणलं, आणि सरळ पाण्यात टेकवलं. उझ्मा ओरडलीच होती. ती मुलगी म्हणाली, “घाबरू नकोस, बघ.” उझ्मानं बघितलं. काचेसारख्या अंगात हृदय धडधडत होतं.

“तोपर्यंत मी सगळं मेलेलंच बघत आले होते,” उझ्मा सांगते. “कापलेलं, रंगवलेलं, काचेखाली दाबलेलं. जिवंत म्हणून काही बघितलंच नव्हतं.”

त्यातलं शास्त्र ती कुणालाही नदीवर नेऊन समजावते. पाण्यात काठी घातली की वाकडी दिसते ना? पाण्यातून हवेत येताना उजेड वाकतो म्हणून. साधं भिंग पाण्याच्या वर हवेत राहतं, त्याला खालचं सगळं असं मोडून आलेलं, धूसर दिसतं. पाण्याचं भिंग स्वतःच पाण्यात उतरतं, मध्ये हवाच ठेवत नाही. मग जिवंत मूळ, जिवंत किडा जिथं आहे तिथंच, न कापता, न दाबता बघता येतो.

आणि रंभाजीकाकांना नेमकं तेच हवं होतं.

रंभाजी म्हणजे उझ्माच्या वडिलांचा जुना दोस्त आणि जुना वैरी. वडील फक्रुद्दीन बागवान पेरूच्या बागा झाडावरच घेतात, क्रेट भरतात, टेम्पोनं बाजाराला धाडतात. रंभाजीची बाग त्यांनी वर्षानुवर्षं घेतली आणि दर वर्षी भावावरून भांडले. पण गेल्या दोन हंगामांत त्या बागेत भांडण्यासारखंच काही उरलं नाही. झाडं पिवळी पडली, शेंडे वाळले, फळ लिंबाएवढं. रंभाजीनं बाग उपटली तेव्हा मुळांवर गाठीच गाठी. मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म अळीसारख्या किड्याचं ते काम. आमच्याकडे त्याला सगळे निमॅटोड म्हणतात.

रंभाजीनं माती बदलली, वर्षभर रान मोकळं ठेवलं, नवे खड्डे घेतले आणि नवी रोपं आणली. आणली मात्र त्याच नर्सरीतून. उझ्मानं लिंबाखाली पिशव्यांतली रोपं बघितली आणि एक पिशवी उचलून हातात घेतली.

“काका, ही लावायच्या आधी एकदा तपासू या.”

“तपासायचं काय त्यात? ही बघ मुळं. पांढरीशिपट हायेत. एक गाठ दाव.”

“गाठी नंतर येतात. किडा आधी येतो.”

“दिसतो का?”

“नुसत्या डोळ्यांना नाही दिसत.”

“मग झालं तर. पोरी, एक जन आल्ता मागं, औषिदवाला. काचंवर मेलेला किडा दावला, म्हनला तुझ्याच बागंतला हाय. म्या औषीद ओतलं. बाग गेली ती गेलीच. काचंवर काय बी दावता येतंय. मेलेल्याला थोडंच इचारता येतंय, बाबा तू कुठला?”

“आणि जिवंत दाखवला तर?”

“माझ्याच रोपावर?”

“तुमच्याच.”

“माझ्या म्होरं?”

“तुमच्यासमोर, काका.”

“तर मग न्हाई लावायचो. ह्यो शब्द. पन शनवारपातूरच थांबतो. आयतवारी मानसं सांगितलीत खड्ड्यावं.”

म्हणजे शनिवार हातचा गेला की रविवारी ती रोपं जमिनीत जाणार, आणि रोपांबरोबर किडाही जाणार. नवी माती, नवी बाग, पुन्हा तेच.

उझ्मानं तीन वेळा मागून सरांकडून भिंग मिळवलं. मंगळवारी तालीम म्हणून एक मूळ बशीत ठेवलं. शुद्ध पाण्याची बाटली रिकामी निघाली, तर तिनं बेसिनच्या नळाचं, म्हणजे बोअरचं पाणी घेतलं. भिंग पाण्यात उतरवलं, जरा फिरवलं, तेवढ्यात घंटा झाली. ती वर्गावर गेली. वर पंखा चालू. परत आली तेव्हा पाणी आटलेलं आणि भिंगाच्या तोंडावर पांढरं फूल. आमच्याकडचं पाणी नळाच्या तोटीवर चढतं, तांब्यावर चढतं, बादलीला पांढरी करून सोडतं. त्याच पाण्यात ती लहानाची मोठी झाली, आणि तरीही बेसिनशी हात पुढे करताना तिला ते आठवलं नाही.

खिडकीबाहेर बघून झाल्यावर सरांनी चष्मा परत चढवला.

“शनिवारपर्यंत,” ते म्हणाले. “डाग राहिला तर भिंग कपाटात, आणि तुझा रंभाजी फाटकाबाहेर.”

त्या संध्याकाळी बागवानांच्या स्वयंपाकघरात वेगळंच भांडण.

“ती बाटली कुठे निघाली?” अम्मी, म्हणजे जरीना, दारात आडवी.

“व्हिनेगर पाहिजे, अम्मी. थोडंसंच.”

“कशाला?”

“भिंगाला.”

“भिंगाचं लोणचं घालतेस की काय?”

“डाग काढायचाय.”

“नोकरी त्यांची, भिंग त्यांचं, आणि व्हिनेगर माझं! फक्रुद्दीन, ऐकताय का तुमच्या लेकीचं?”

फक्रुद्दीन क्रेटच्या दोऱ्या सोडवत होता. “ऐकतोय. उझ्मा, रंभाजी येणार नाही बघ. त्याला मी ओळखतो. भाव करताना सुद्धा तीनदा उठून जातो.”

“तुम्ही घेऊन या, अब्बा.”

“मी सांगितलं तर मुद्दाम येणार नाही.”

“मग येऊ नको म्हणून सांगा.”

फक्रुद्दीन हसला. जरीनाही हसली आणि दारातून बाजूला झाली.

गॅरेजमधून उझ्मानं बॅटरीत घालायचं पाणी आणलं, त्यात क्षार नसतो. भिंग पुसायच्या मऊ कागदाचं टोक व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात भिजवायचं, डागावर नुसतं टेकवायचं, थांबायचं, उचलायचं. घासायचं नाही. घासलं की क्षाराचा कण काचेवर ओरखडा ओढणार आणि मग खरंच फूल पडणार. मग शुद्ध पाणी, मग कोरडा कागद, मग मायक्रोस्कोपचा वरचा डोळा, म्हणजे ज्याला डोळा लावतात ती नळी, काढून उलटी धरून त्यातून काच बघायची. मधला डाग निघाला, कडेची रेघ राहिली. पुन्हा. रेघ तुटली, दोन ठिपके राहिले. पुन्हा. मधल्या सुट्टीत सहकारी चहाला बोलवायला आले, तिनं मान हलवली. मान आखडली, बोटं आखडली. शुक्रवारी दुपारी तिनं भिंग उजेडात धरलं, आणि त्यात खिडकीचे गज स्वच्छ दिसले.

थेटे सरांनी ते उलटसुलट करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“हं,” म्हणाले.

शनिवारी रंभाजी आला. ‘येऊ नकोस’ असा निरोप मिळाल्यामुळे जरा लवकरच आला. मागून फक्रुद्दीन. रंभाजीच्या एका हातात रोपाची पिशवी, दुसऱ्या हातात प्लास्टिकचा कॅन.

“काका, कॅन कशाला?”

“पानी हाय. माझ्या हिरीचं. तुमच्या बशीत माझं पानी घालायचं.”

“अहो, माझ्याकडे शुद्ध पाणी आहे.”

“तेच म्हनतोय. तुझ्या पान्यात तू काय सोडलंय मला काय ठावं? रागवू नगस पोरी. एकदा पोळलोय.”

“रंभाजी, लेकीवर सुद्धा संशय?” फक्रुद्दीन म्हणाला.

“फक्रूभाई, तुझी लेक म्हनूनच तर जास्ती.”

पलीकडून थेटे सर तातडीनं पुढे आले. “उझ्मा, परत खारं पाणी? काल कुठे काच वाचलीय. मी परवानगी देत नाही.”

उझ्मानं कॅनकडे बघितलं. भिंगाकडे बघितलं.

“सर, खारं पाणी काच खात नाही. वाळलं की चिकटतं. मी वाळू देणार नाही.”

“आणि घंटा झाली तर?”

“आज माझा तास नाही. या स्टुलावरून मी उठणारच नाही.”

तिनं कॅन उघडला, विहिरीचं पाणी बशीत ओतलं. मूळ अजून घातलं नव्हतं.

“आधी नुसतं पाणी बघा काका. तुमचंच आहे.”

तिनं चाक फिरवलं. भिंग खाली येऊ लागलं.

“आगं आगं, बुडतंय की!”

“बुडू दे. बुडायलाच केलंय ते.”

भिंगाचं टोक पाण्याला टेकलं. पाणी क्षणभर वर सरकून त्याला बिलगलं. रंभाजीनं टोपी मागं सारली आणि डोळा लावला.

“काय दिसतंय?”

“उजेड... आन एक गोल काय तरी. भिंगरीवानी फिरतंय! ह्योच का त्यो निमॅटोड?”

“नाही, तो आपला पाण्यातला पाहुणा. निरुपद्रवी. निमॅटोड लांब असतो, दोऱ्यासारखा. तसा कुणी आहे का?”

रंभाजीनं खूप शोधलं. “न्हाई.”

“नक्की?”

“न्हाई म्हनलं ना.”

“आता मूळ तुम्हीच तोडा. हवं ते तोडा.”

त्यानं रोप पिशवीतून काढलं, माती धुतली, आणि मुद्दाम सगळ्यात गोरं, सगळ्यात कोवळं मूळ नखानं खुडून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते बशीत सोडलं, भिंग पुन्हा उतरवलं आणि स्वतः बघू लागली. मुळाची एक बाजू सरकत गेली. काही नाही. दुसरी बाजू. काही नाही. मागं फक्रुद्दीनच्या चपलेचा आवाज. सरांचं खाकरणं.

“न्हाई ना?” रंभाजी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका होती. “म्या म्हनलंच हुतं.”

“थांबा.”

ती मुळाच्या टोकाकडे गेली. चाक केसभर फिरवलं. पुन्हा केसभर. मग डोळा न काढता एक हात लांब करून तिनं रंभाजीची बाही धरली आणि त्याला जवळ ओढलं.

“चाकाला हात लावू नका. नुसतं बघा.”

तो वाकला.

“पारदर्शक दोरा आहे ना? त्याचं तोंड बघा. तोंडात काय आहे?”

“सुई,” रंभाजी हळूच म्हणाला. “सुई हाय. टोचतंय... मागं घेतंय... परत टोचतंय. डाक्टरवानी टोचतंय की गं ते.”

“मेलेलं टोचतं का काका?”

“न्हाई.”

“मूळ कुणाचं?”

“माझं.”

“पाणी?”

रंभाजी ताठ झाला. टोपी काढून हातात घेतली. मग फक्रुद्दीनला म्हणाला, “फक्रूभाई, बघ बाबा. तू बी बघ.” आणि खिशातून मोबाईल काढत व्हरांड्यात गेला. त्याचा फोनवरचा आवाज प्रयोगशाळेत ऐकू येत होता, कारण रंभाजी फोनवर नेहमी दूरच्या शेतातल्या माणसाशी बोलल्यासारखा बोलतो. “आयतवारची मानसं कॅन्सल! व्हय! खड्डं तसंच ऱ्हाऊ दे.” मग दुसरा फोन, कॉलेजजवळच्याच एका पेरूवाल्याला. “तुझी रोपं कुठली? त्याच नर्सरीची ना? लावलीस का अजून? न्हाई? मंग एक घिऊन ये हितं. आत्ताच्या आत्ता. डोळ्यानं बघ, डोळ्यानं! लई जनांस्नी सांग.”

फक्रुद्दीन बघून झाला. सर उगाच मेजावरचा कागद सरळ करत होते.

“सर, तुम्ही?” उझ्मानं विचारलं.

“मला काय बघायचंय...” म्हणत ते बसले. चष्मा काढला. बघू लागले. खाली चाललेल्या त्या टोचण्याबरोबर त्यांचीही मान नकळत पुढे-मागे होत होती. उठले तेव्हा क्षणभर ते विभागप्रमुख वाटले नाहीत, पाळी मिळालेला विद्यार्थी वाटले.

पण क्षणभरच. व्हरांड्यातून रंभाजीचा आवाज येतच होता, आता तिसऱ्या कुणाला तरी बोलावत होता.

उझ्मानं भिंग पाण्यातून वर घेतलं, लगेच शुद्ध पाण्यानं धुतलं आणि मऊ कागदानं टिपायला लागली.

“छान टिपतेस,” सर म्हणाले. “आता ते डबीत घाल आणि डबी कपाटात.”

“बाहेर लोक येताहेत, सर.”

“म्हणूनच. आज एक आला, विहिरीचं पाणी घेऊन आला. उद्या दहा येतील, नदीचं आणतील, कालव्याचं आणतील. प्रत्येक वेळी तू स्टुलावर असणार आहेस? एखाद्या वेळी नसशील. तेवढंच पुरतं.”

“मी सगळ्यांना शिकवीन. विद्यार्थ्यांना शिकवीन. लिहून लावीन टेबलावर, वाळू देऊ नका म्हणून.”

“उझ्मा, ऐक. मी मे महिन्यात सुटतोय. हे सगळं सामान मला जसं आलं तसं मोजून पुढच्याच्या हाती द्यायचंय. एका काचेपायी माझे निवृत्तीचे कागद अडले तर कोण धावेल? रंभाजी?”

“जसं आलं तसं द्यायचं, म्हणजे कुणी न बघितलेलं?”

“शब्द फिरवू नकोस. तू पोरीसारखी आहेस म्हणून सांगतोय.” त्यांनी आवाज खाली आणला. फक्रुद्दीन तिथंच होता, पण तो कॅनचं झाकण लावण्यात गुंतल्यासारखं दाखवत होता. “पुढच्या वर्षीच्या तासांची नावं मी सोमवारी देतो. तुझं नाव पहिलं घालायचं माझ्या मनात आहे. मला फक्त एवढं सांग, आजपासून हे भिंग कपाटात राहील. सांग तसं. हो म्हण.”

उझ्मानं भिंगाचं तोंड उजेडाकडे धरून बघितलं. स्वच्छ होतं. तिनं ते परत मायक्रोस्कोपला लावलं, हातानं घट्ट फिरवलं.

“उझ्मा, मी विचारतोय.”

तिनं बशी उचलली, आतलं पाणी आणि मूळ बेसिनमध्ये ओतलं, बशी विसळली.

“अगं, हो की नाही, एवढं तरी बोल.”

व्हरांड्यासमोर दोन मोटारसायकली येऊन थांबल्या होत्या. एका माणसाच्या हातात काळ्या पिशवीतलं रोप होतं, आणि आत यावं की नाही या विचारात तो दाराकडे बघत उभा होता. उझ्मा ओली बशी हातात घेऊन सरांच्या समोरून गेली आणि त्याला आत बोलवायला दाराबाहेर पडली.